वसमत ते काठमांडू, सोनौलीच्या नाक्यावरून

निघण्याआधी

नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही, हे आमच्याकडे, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला, पोरासोरांनाही माहीत असतं. म्हणून माणसं काशीपर्यंतची तयारी जोरात करतात आणि नेपाळचं 'तिथं गेल्यावर बघू' म्हणून निघतात. मला हे कधीच पटलेलं नाही. सरहद्द उघडी आहे म्हणजे तिथे कुणी काही विचारत नाही, असं नसतं. आणि विचारलं की आधी अडतात त्या म्हाताऱ्या बायका. त्यांच्या आयुष्यात कागद नेहमी दुसऱ्यानेच केलेला असतो, त्यावर नावही दुसऱ्याने सांगितलेलं असतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. नोकरीत असताना बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळण्याचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे मतदार याद्यांशी माझी जुनी ओळख. आमच्या सासूबाईंना सगळे बाई म्हणतात. त्यांची तीन ओळखपत्रं मी एका दुपारी ओट्यावर मांडली. मतदार कार्डावर रुखमाबाई, आधारवर रुक्मिणबाई, रेशन कार्डावर नुसतंच रुक्मीण. जन्मतारीख मात्र आधारवर एक जानेवारी. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जानेवारीलाच येतो, कारण तारीख माहीत नसली की यंत्रात तीच पडते. शेजारच्या काकूंच्या मतदार कार्डावर अजून माहेरचं आडनाव. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी!

नियम असा आहे. भारतीय नागरिकाला नेपाळला जाता-येताना आपण भारतीय असल्याचा पुरावा जवळ ठेवावा लागतो. त्यासाठी चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड ही दोन सगळ्यात भरवशाची कागदपत्रं. आधार इथे सगळ्यांना चालत नाही. आधार ही रहिवाशाची ओळख आहे, नागरिकत्वाचा पुरावा नाही. भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. फक्त पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्ट वर्षांवरच्या ज्येष्ठांना आधारवर जाता येतं. पंधरा ते अठरा वयातल्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र लागतं. कुटुंब एकत्र चाललं असेल आणि एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना नातं दाखवणारं फोटोचं ओळखपत्र चालतं. पण या शेवटच्या सवलतीवर विसंबून मी कुणालाच पाठवणार नाही. नाक्यावरच्या जवानाला आपलं नातं समजावत बसण्यापेक्षा प्रत्येकाच्या हातात आपला आपला कागद असलेला बरा.

ऑगस्टमध्ये याद्यांचं पुनरीक्षण चालू होतं. तेव्हाच काकूंचा आणि बाईंचा नमुना ८ भरला. नाव, आडनाव, फोटो, पत्ता यांतली कुठलीही दुरुस्ती याच नमुन्यात होते, त्याला एक पैसाही लागत नाही. काकूंसाठी लग्नाचा दाखला जोडला. नवीन कार्डं पोस्टाने घरी आली. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे २०२४ च्या, त्यांनी त्याच कार्डांवर केलं. निघायचं डिसेंबरमध्ये ठरलं.

मंडळी सात. मी आणि हे, बाई, पुतण्या, अकरावीतली पुतणी, आणि शेजारचे काका-काकू. काका एसटीतून निवृत्त झालेले, औरंगाबादला मिलिंद कॉलेजात शिकलेले. बाईंना पशुपतिनाथ हवा होता, काकांना लुंबिनी. आमच्या दोघांकडे पासपोर्ट, पुतण्याकडे आणि काका-काकूंकडे मतदार कार्डं, पुतणीसाठी प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. बाई चौऱ्याऐंशीच्या, त्यांना आधार चाललं असतं, तरी दोन्ही घेतली.

गाडी दिरांच्या नावावर आणि दीर सोबत नाहीत. म्हणून 'माझी गाडी माझा मुलगा नेपाळला नेत आहे, माझी हरकत नाही' असं पत्र नोटरीकडून करून घेतलं. आरसी बुक अस्सल, झेरॉक्स नव्हे. लायसन्स, विमा, पीयूसी सोबत. भारतातलं लायसन्स नेपाळमध्ये चालतं. विम्याचं मात्र आवर्जून सांगते. आपली पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. थोडा जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतानसारख्या शेजारच्या देशांपर्यंत वाढवून मिळते. विमावाला आपणहून सांगत नाही, आपणच मागायचं. गाडी पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरगुती होती हे बरं. पिवळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीला वेगळा परवाना काढावा लागतो, ते काम किचकट असतं.

पैशांचं म्हणाल तर नेपाळने २०१८ च्या डिसेंबरपासून शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातलेली होती. आम्ही गेलो तेव्हा हाच नियम लागू होता. दोनशेची, पाचशेची नोट खिशात सापडली तरी पंचाईत. ओळखीच्या कॅशियरने शंभराची बंडलं काढून दिली. बाईंनी त्यातलं एक कमरेच्या पिशवीत घातलं आणि परत येईपर्यंत ती पिशवी कुणाला दाखवली नाही.

सोमवार, वसमत ते नागपूर

पहाटे निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, भाजलेले शेंगदाणे, आणि पशुपतिनाथाला वाहायला वसमतची हळद. हळद दळलेली घ्या, असं मी बाईंना आधीच सांगितलं होतं. कच्ची हळकुंडं, बियाणं, रोपं अशी पिकाची वस्तू सरहद्दीपार न्यायची तर रोग-किडीच्या तपासणीचे नियम लागतात. तळहाताएवढ्या पुडीतल्या भुकटीला कुणी काही म्हणत नाही.

हदगाव मागे पडलं आणि पैनगंगेचा पूल आला. बाई इतका वेळ माळ ओढत होत्या. पूल लागताच म्हणाल्या, "हितं करोडगिरीचा नाका व्हता बगा."

गाडीतल्या तरुण दोघांना काहीच कळलं नाही. मग बाईंनी सांगितलं. तेव्हा अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड. हैदराबाद संस्थानाची जकात वेगळी, तिच्या खात्याला करोडगिरी म्हणत. नाणंही वेगळं, हाली सिक्का. सात हाली रुपये मोजले की सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, यायचे. बाईंचे वडील उमरखेडच्या बाजाराला बैलगाडी घेऊन जायचे. येताना कापड आणलं की नाक्यावर गाठोडं सोडायला लावायचे. बाई सात-आठ वर्षांच्या. त्यांच्या आईने एकदा नवं लुगडं बाजारातच नेसून घेतलं आणि जुनं गाठोड्यात बांधलं. "अंगावरच्याला जकात न्हवती," बाई म्हणाल्या.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, मराठवाडा झाला नाही. तो १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला. मधल्या त्या वर्षभरात ही नदी म्हणजे खरोखरीची सरहद्दच होती. उमरखेडला मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता, नदीच्या अलीकडची माणसं तिथून लढत होती. पुतणी खिडकीतून मागे वळून बघत राहिली. तिच्या पुस्तकात मुक्तिसंग्राम आहे. पण तो आपल्याच आजीच्या गाठोड्यापर्यंत आला होता, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. मला वाटतं मराठवाड्यातल्या घराघरांतून अशा गोष्टी अजून निघतील. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्याव्यात.

यवतमाळ, वर्धा करत नागपूरला पोचायला दुपार कलली. काकांना दीक्षाभूमीवर जायचंच होतं. स्तूपाच्या आत ते बराच वेळ बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाबासाहेबांनी इथं ऑक्टोबरात दीक्षा घेतली आणि नोव्हेंबरात ते काठमांडूला गेले, जागतिक बौद्ध परिषदेला. १९५६ साल. आपण त्याच वाटेनं जायलोत."

मंगळवार ते गुरुवार, रिवा आणि काशी

नागपूर ते रिवा हा पल्ला लांब, पण रस्ता सरळ. सिवनीच्या अलीकडे पेंचचं जंगल, मग जबलपूर, कटनी. रिव्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी काशी. काशीबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी वेगळं काय सांगणार? विश्वनाथाचं दर्शन, गंगास्नान, काका-काकूंसोबत सारनाथ. धमेक स्तूपाला प्रदक्षिणा घालताना पुतणीने बाईंचा हात धरला होता.

काशीत कामाची गोष्ट एकच केली. सगळ्यांच्या कागदपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे फोटो काढून घेतले. नेपाळचं सिमकार्ड घ्यायला ओळखपत्राची प्रत आणि फोटो लागतो. सरहद्दीवर झेरॉक्सची दुकानं आहेत, पण तिथे गर्दी असते आणि दरही मनाला येईल तो.

शुक्रवार, गोरखपूर

गोरखनाथाचं दर्शन. पूर्वांचलातलं डिसेंबरचं धुकं म्हणजे काय ते पहिल्यांदा बघितलं. दहा वाजेपर्यंत रस्त्यावर समोरची गाडी दिसेना. काका पुढच्या सीटवर बसून पुतण्याला सांगत होते, "घाई करू नगंस, लाइट खाली ठेव." एसटीतलं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात होतं.

रात्री लॉजवर सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. पाचशेच्या आणि दोनशेच्या नोटा बाजूला काढल्या. वाटेत पैसे लागतात म्हणून त्या प्रत्येकाकडे होत्याच. काही जवळच्या एटीएममध्ये भरल्या, उरलेल्या पेट्रोलमध्ये घातल्या. मग औषधं. बाईंना रक्तदाबाच्या गोळ्या, ह्यांना मधुमेहाच्या, काकूंच्या गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या. झोपेची, जोरदार वेदनाशामक किंवा खोकल्याची काही औषधं अमली पदार्थांच्या कायद्यात मोडतात, दोन्ही देशांत. म्हणून डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवल्या. डब्यात सुट्या ओतून नेल्या की ओळख पटवायची कशी?

शनिवार, सोनौली

गोरखपूरहून फरेंदा, नौतनवा आणि मग सोनौली, शंभरेक किलोमीटर. नौतनव्याच्या पुढे ट्रकची रांग लागते ती संपतच नाही. सिमेंट, कांदे, गाड्यांचे सुटे भाग, सगळा माल कागदांची वाट बघत उभा. नेपाळचा बराचसा व्यापार या वाटेने चालतो. लहान गाड्यांना बाजूने जाऊ देतात.

नाक्याच्या अलीकडे अंगाला चिकटणारी पोरं असतात. "भन्सार करवा दें? पाँच मिनट में." भन्सार म्हणजे नेपाळची जकात. या पोरांच्या हातात कागद देऊ नका. काम आपलं आपण होतं.

भारत-नेपाळ सरहद्द साधारण १,७५१ किलोमीटरची. तिच्यावर सशस्त्र सीमा बलाची राखण असते. ३१ जुलै १९५० च्या शांतता आणि मैत्री कराराने दोन्ही देशांच्या माणसांना एकमेकांकडे येण्या-जाण्याची, राहण्याची, व्यापार करण्याची मोकळीक मिळाली, ती अजून टिकून आहे. एका जवानाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. कुठून आलात, किती जण, किती दिवस. एमएच ३८ ची पाटी बघून त्याने 'ये कहाँ पड़ता है' असं विचारलं. हिंगोली म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, नांदेड म्हटल्यावर मात्र तो हसला. "हुजूर साहिब!" तो पंजाबचा होता.

त्याने सगळ्यांची ओळखपत्रं मागितली. पुतणीचं प्रमाणपत्र त्याने नीट वाचलं, फोटोवरचा शिक्का उजेडाकडे धरून बघितला. बाईंनी आपलं कार्ड स्वतःच पुढे केलं. मला द्यायला दिलं नाही. जवानाने नाव मोठ्याने वाचलं, "रुक्मिणबाई?" आणि बाई म्हणाल्या, "व्हय, मीच." नाव एकच, मतदार कार्डावर आणि आधारवर एकच. ऑगस्टमधली सगळी धावपळ मला या एका क्षणासाठी केल्यासारखी वाटली.

आमच्या बाजूलाच भारताच्या इमिग्रेशन कार्यालयापुढे थायलंडच्या भिक्खूंची मोठी रांग होती. भगवी चीवरं, हातात पासपोर्ट, प्रत्येकाच्या पानावर शिक्का. तिसऱ्या देशाच्या माणसाला इथे बाहेर पडतानाचा शिक्का घेऊन मग पलीकडे नेपाळचा व्हिसा घ्यावा लागतो. आपण त्यांच्या शेजारून चालत निघून जातो. तेही लुंबिनीला, आम्हीही लुंबिनीला. त्या रांगेकडे बघताना १९५० चा तो करार काय देऊन गेला हे कळलं. तो गृहीत धरू नये असं मला मनापासून वाटतं.

कमानीखालून गेलं की बेलहिया, नेपाळ. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. पाट्या देवनागरीत असल्यामुळे बाईसुद्धा अक्षर लावून वाचत होत्या. 'भन्सार कार्यालय' म्हणजे जकात कचेरी. गाडी आत लावली. पुतण्या आरसी, लायसन्स, दिरांचं पत्र आणि आपलं मतदार कार्ड घेऊन खिडकीवर गेला. फॉर्मवर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, किती दिवस आणि कुठून परत जाणार. दिवसावर आकार असतो, तेवढे पैसे भरले की पावती मिळते. तीच गाडीचा परवाना. काचेला दिसेल अशी ठेवायची, वाटेत ट्रॅफिक पोलीस तीच मागतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लागतील त्याहून एक दिवस जास्तीचा घ्या, कारण डोंगरात दरड कोसळली की माणूस अडकतो आणि मुदत उलटली की दंड बसतो. आणि भारतीय खासगी गाडीला नेपाळमध्ये वर्षात तीसच दिवस मिळतात, ते संपले की गाडी बाहेर काढावी लागते.

दिरांच्या पत्राकडे खिडकीतल्या साहेबांनी दोनदा बघितलं, वडिलांचं आणि मुलाचं आडनाव जुळतंय का ते पडताळलं आणि शिक्का मारला. ते पत्र नसतं तर गाडी बेलहियातच उभी राहिली असती. आमच्या पुढच्या एका गाडीचं तसं झालं होतं. मालक गावाकडे, फोनवर बोलणं चाललेलं, म्हातारी माणसं गाडीत बसलेली.

सामान तपासणाऱ्याने डिकी उघडली. वापरातले कपडे, भांडी, औषधं, वाटेतलं खाणं याला काही नाही. भारतातल्या बाजारातून शंभर नेपाळी रुपयांहून जास्त किमतीचा नवा माल नेला तर मात्र भन्सार भरावी लागते. २०२३ पासून हे कडक झालंय. तिथलीच माणसं भारतातून किराणा, कपडे नेतात, त्यांना याचा जास्त जाच होतो. आमच्या दशम्यांचा डबा त्याने उघडून वास घेतला आणि ठेच्याकडे बोट दाखवून विचारलं, "पिरो?" तिखट का, असं. काकूंनी मान डोलावली आणि एक दशमी ठेचा लावून त्याच्या हातावर ठेवली. त्याने खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि डिकी बंद केली.

नाक्याबाहेरच पैसे बदलले. नेपाळी रुपयाचा भाव भारतीय रुपयाशी १९९३ पासून बांधलेला आहे, शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी. भाव सगळीकडे तोच असल्यामुळे फसवाफसवी कमी. पण चुकता हिशेब मागताना 'आयसी की एनसी' हे प्रत्येक वेळी विचारायचं. आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे त्यांचा. मार्च २०२४ पासून तिथल्या 'फोनपे' (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपल्या यूपीआयने पैसे देता येतात, त्यासाठी आपल्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून ठेवायचे. मोठ्या दुकानांत त्याचा उपयोग झाला.

शनिवारीच संध्याकाळी, लुंबिनी

सोनौलीहून लुंबिनी वीस-पंचवीस किलोमीटर. बागेच्या दाराशी चपला काढून आत गेलो. मायादेवी मंदिरात जन्मस्थानाची खूण असलेला दगड काचेखाली आहे. काका-काकू तिथून हलेनात. आत फोटो काढू देत नाहीत हे चांगलं आहे, माणसं डोळ्यांनी बघतात.

बाहेर अशोकाचा स्तंभ. काकांनी त्यावरच्या ब्राह्मी ओळींचा अर्थ आम्हाला सांगितला. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक स्वतः इथे आला, पूजा केली, कारण इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. आणि म्हणून या लुंबिनी गावाचा 'बली' हा कर माफ केला आणि उत्पन्नातला राजाचा हिस्सा आठव्या भागापर्यंत खाली आणला. म्हणजे हा दगड जन्मस्थानाची खूण आहे तसा करमाफीचा हुकूमही आहे! दिवसभर आम्ही जकातीच्या खिडकीवर उभं राहून आलो होतो, आणि इथे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा राजा एका गावाची सारासूट दगडावर कोरून ठेवतो. बुद्धाला वाहायला त्याला फूल सुचलं नाही, शेतकऱ्याचा भार उतरवावा असं सुचलं. आमच्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला याचं मोल लगेच कळतं. बाईंनी पदर डोक्यावर घेऊन स्तंभाला नमस्कार केला.

रविवार ते मंगळवार, काठमांडू

बुटवलपासून नारायणगढपर्यंत रस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं. धूळ, खड्डे, आणि दाउन्नेच्या घाटात ट्रक अडकलेले. पुढे त्रिशूलीच्या काठाने रस्ता. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सिमलतालला दरड कोसळून दोन बस नदीत वाहून गेल्या होत्या. काकांनी त्या टप्प्यात गाडीतलं बोलणं बंद ठेवलं. पावसाळ्यात हा रस्ता टाळावा, एवढं स्पष्ट सांगते. काठमांडूत शिरलो तेव्हा रात्र होती. जादाचा दिवस घेतल्याचं समाधान तिथेच वाटलं.

पशुपतिनाथाचं दर्शन सकाळी झालं. गाभाऱ्यातले मुख्य पुजारी भट्ट, ते परंपरेने दक्षिण भारतातले असतात. बाईंनी वसमतच्या हळदीची पुडी दाराशी दिली. बागमतीच्या पायरीवर त्या बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला काई नगं."

काकांना काठमांडूला लागूनच असलेल्या पाटणच्या बाजारात बुद्धाची पितळी मूर्ती घ्यायची होती. नेपाळमध्ये शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, पोथी देशाबाहेर न्यायला बंदी आहे. नवीन मूर्तीही मुद्दाम जुनी दिसावी म्हणून काळी केलेली असते आणि मग नाक्यावर संशय येतो. पुरातत्त्व विभागाकडून 'ही जुनी नाही' असा दाखला मिळतो. मोठी मूर्ती असेल तर तो घ्यावाच. काकांनी वीतभर उंचीची, चकचकीत, उघड उघड नवी मूर्ती घेतली. बिलावर तारीख, उंची, वजन आणि 'नयाँ' असं लिहून घेतलं, शिक्का मारून.

बुधवार आणि गुरुवार, परतीचा नाका

येताना भैरहव्याला मुक्काम केला. तिथल्या बाजारात चिनी ब्लँकेटं, जॅकेटं, घड्याळं, फोन, सगळं स्वस्त दिसतं. काकूंचं मन एका जाड ब्लँकेटवर गेलं. मी त्यांना दुकानाबाहेर बसवून नियम सांगितला. विमानाने नेपाळहून येणाऱ्या भारतीयाला पंधरा हजारांपर्यंतच्या सामानाची माफी होती. जमिनीवरून येणाऱ्याला ती नाही, फक्त वापरलेलं स्वतःचं सामान माफ. बाकीच्यावर तेव्हा साडेअडतीस टक्के जकात होती. वर चीनमधला माल नेपाळमार्गे आणला की तो चोरटा माल आहे की काय, हा प्रश्न येतोच. सोनौलीला गाड्या थांबवून बघतात ते मुख्यतः याचसाठी. काकू समजूतदार. "मग आपल्या सोलापूरचीच चादर बरी," म्हणाल्या आणि उठल्या.

सकाळी बेलहियात भन्सारची पावती दाखवून गाडी बाहेर पडल्याची नोंद करून घेतली. ही नोंद विसरू नये. गाडी नेपाळच्या वहीत आत राहिली तर पुढच्या खेपेला तिचे दिवस मोजलेले असतात. उरलेले नेपाळी रुपये तिथेच बदलले.

भारताच्या बाजूला कस्टमच्या माणसाने सगळं सामान खाली उतरवायला लावलं. रुद्राक्षाच्या दोन माळा, पशुपतिनाथाचा प्रसाद, लुंबिनीहून आणलेली पिंपळाची पानं वहीत दाबलेली. त्याने मूर्ती हातात घेतली, बिल वाचलं, तळाशी नख लावून बघितलं आणि परत दिली. ज्येष्ठ माणसं बघून त्याने काकांना खुर्ची दिली होती. बाईंच्या कमरेच्या पिशवीकडे बघून 'अम्मा, इसमें क्या' असं विचारलं. बाईंनी पिशवी सोडली. शंभराच्या नोटा, सगळ्याच्या सगळ्या, जशा दिल्या तशा. त्याने हात जोडले आणि आम्हाला जाऊ दिलं.

सामान परत लावून गोरखपूरला निघालो. अयोध्या, प्रयाग करत रिव्याला आलो आणि तिथून गेलो त्याच वाटेने परत. वसमतला पोचल्यावर गल्लीतल्या अजून तीन घरांनी फाल्गुनात जायचं ठरवलंय. त्यांतल्या दोन आज्यांचे नमुना ८ भरून दिले आहेत, तिसरीचा लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात शोधणं चालू आहे.